‘उसने कहा था’मधला घोडा पहिल्या भागात का नाही?

रामबागवाली

मंडळी, प्रश्न जरा लांबट आहे. चहा घेऊन बसलात तर बरं.

मी इंदूरची, वय 47. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, दुपारी मोकळ्या झाल्या, तेव्हा लग्नाच्या वेळी सुटलेलं एम.ए. पुन्हा धरलं. विषय हिंदी. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवाल्याशी दोन्हींची खिचडी, हे आमच्याकडे चार पिढ्या चालू आहे. म्हटलं हिंदीच तर आहे, होऊन जाईल. होऊन काही जात नाही, हे आता कळून राहिलंय.

युद्धकाळातली एखादी कथा घेऊन तिचं कथनतंत्र आणि परिवेश, म्हणजे स्थळकाळ, यांवर लिहून आणायचं होतं. मी चंद्रधर शर्मा गुलेरींची ‘उसने कहा था’ घेतली. वही परत आली ती 20 पैकी 9 घेऊन, आणि खाली लाल शाईत शेरा, की परिवेशाचं चित्रण अपुरं आहे. शेरा चुकीचा नाही. गाइडात कथेची सहा तत्त्वं असतात ना, कथानक, पात्रं, संवाद, देशकाल, भाषाशैली, उद्देश, त्यातल्या देशकालाच्या दोन ओळी फुगवून मी दीड पान केलं होतं. अमृतसरचा बाजार जिवंत झाला आहे, फ्रान्सची रणभूमी जिवंत झाली आहे, वगैरे. कशी जिवंत झाली ते मलाही सांगता आलं नसतं.

आता पुन्हा लिहून द्यायची मुभा आहे, म्हणून कथा नीट वाचायला घेतली, आणि अडकले.

ज्यांनी शाळेत वाचून विसरली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच भाग आहेत. पहिल्यात अमृतसरच्या बाजारात एक मुलगा आणि एक मुलगी भेटतात. दोघंही आपापल्या मामाकडे आलेली. तो मामाचे केस धुवायला दही न्यायला आलाय, ती स्वयंपाकासाठी वड्या. महिनाभर कुठे ना कुठे गाठ पडते आणि तो चिडवायला विचारतो, ‘तेरी कुड़माई हो गई?’ म्हणजे साखरपुडा झाला का. ती ‘धत्’ म्हणून पळते. एक दिवस ती सांगते, हो, झाला, कालच, हा रेशमाने भरलेला सालू, म्हणजे ओढणी, दिसत नाही का? मग तो घरी जातो. हे घरी जाणं मला फार आवडतं. लेखक त्याच्या मनात शिरतच नाही. वाटेत तो एका पोराला गटारात ढकलतो, एका फेरीवाल्याची दिवसभराची कमाई घालवतो, कुत्र्याला दगड मारतो, कोबीवाल्याच्या गाडीत दूध ओततो, आणि अंघोळ करून येणाऱ्या एका सोवळ्या बाईवर आपटून ‘आंधळा’ ही पदवी घेऊन घरी पोचतो. बस. वाईट वाटलं असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या भागात एकदम फ्रान्सचे खंदक, पहिलं महायुद्ध, शीख पलटण. जमादार लहनासिंह, सुभेदार हजारासिंह, त्याचा आजारी मुलगा बोधा, पलटणीतला विनोदी वजीरा. तिसऱ्यात लपटन (लेफ्टनंट) साहेबाचं सोंग घेतलेला जर्मन येतो आणि लहनासिंह त्याला ओळखतो. चौथ्यात लढाई. पाचव्यात लहनासिंह मरतो आहे आणि मागचं आठवतो आहे, तेव्हा आपल्याला कळतं की तो बाजारातला मुलगा हाच, आणि ती मुलगी म्हणजे सुभेदारीण. लढाईवर निघताना तिने त्याच्यासमोर पदर पसरला होता, नवऱ्याला आणि मुलाला सांभाळ म्हणून.

माझे अडथळे दोन. पहिला असा, की फ्रान्स कुठे आहे? मी पेन्सिल घेऊन बसले, फ्रान्सचं वर्णन दिसलं की खूण करायची. चिखल, बर्फ, एका मडमेची बाग, आणि संपलं. झाडांचं वर्णन नाही, गाव नाही, रस्त्याचं नाव नाही. अमृतसरचा चौक मात्र पानभर. मग युद्धकथेचा परिवेश म्हणून लिहू काय?

दुसरा अडथळा घोड्याचा. पाचव्या भागात सुभेदारीण म्हणते, आठवतं का, दहीवाल्याच्या दुकानापाशी टांगेवाल्याचा घोडा बिथरला होता, तू स्वतः घोड्याच्या लाथांत गेलास आणि मला उचलून दुकानाच्या फळीवर उभं केलंस. मी उलटे पान चाळत पहिल्या भागात गेले. तिथे घोडा नाही! दही आहे, वड्या आहेत, सालू आहे, कुत्रासुद्धा आहे. जीव वाचवण्याचा प्रसंग, तोच नाही. हे मुद्दाम आहे की विसरलं?

महूकर

ताई, मी साहित्यातला नाही. फौजेत हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो, आता महूलाच घर आहे. दुसऱ्या प्रश्नात पडत नाही. पहिल्याचं सांगतो.

तुम्ही विचारता फ्रान्स कुठे आहे. खंदकात बसलेल्या माणसाला मुलूख दिसत नसतो. समोर मातीची भिंत दिसते, वर आभाळाची पट्टी दिसते, आणि पुढच्या माणसाची पाठ दिसते. ही गोष्ट मी वाचली तेव्हा मला पटलं ते याच कारणाने. दुसऱ्या भागात लहनासिंह वैतागून म्हणतो की शत्रू कुठे दिसत नाही आणि तासा-दोन तासांनी कानठळ्या बसून सगळा खंदक हलतो. दिसत काही नाही आणि हलतं सगळं, हेच तर त्या लढाईचं वर्णन आहे. झाडांचं आणि गावाचं वर्णन केलं असतं तर मी म्हटलं असतं की लेखक टेकडीवर उभा राहून बघतो आहे.

दुसरं. तो थंडी कशी मोजतो बघा. लुधियान्याच्या दहापट थंडी. तोफांचे धक्के कसे मोजतो? नगरकोटचा भूकंप ऐकला होता, इथे दिवसाला पंचवीस होतात. कांगड्याचा तो भूकंप 1905 चा, आणि गुलेरींचं घराणं कांगड्याकडच्या गुलेरचं, तेव्हा तो धक्का त्यांना घरचा होता. शिपाई परमुलूख असाच मोजतो. आमच्यात देवासचा एक पोरगा होता, बर्फात उभा राहून रोज म्हणायचा, ‘टेकडीवर माघातली पहाट असते ना, तिच्यावर चार रजया काढून घे, तशी.’ त्याच्याजवळ दुसरं माप नव्हतं. तुमच्या पेन्सिलच्या खुणा अशा तुलनांवर करा, मग परिवेश सापडेल. फ्रान्स तिथे पंजाबच्या मापाने आहे.

जुन्या फौजेची माहिती लागली तर: लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन 1914 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मार्सेला उतरल्या. पहिला हिवाळा त्यांनी त्याच चिखलात काढला. मार्च 1915 मध्ये न्यव शापेलला मोठी लढाई झाली. पायदळ तिथून हललं ते 1915 संपता संपता, मेसोपोटेमियाकडे. गोष्ट ‘सरस्वती’ मासिकात आली जून 1915 ला. म्हणजे वाचणारा अलाहाबादेत किंवा कुठे खाटेवर पडून ही गोष्ट वाचतो आहे तेव्हा खऱ्या पलटणी खऱ्या खंदकात होत्या. शीख पलटणी 15 आणि 47 नंबरच्या गेल्या होत्या. गोष्टीतल्या पलटणीचा 77 हा आकडा लेखकाचा. जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार, हे परीक्षकाला ठाऊक नसेल तर लिहा.

लपटन साहेबाचा तिसरा भाग मला थोडा नाटकी वाटतो. पण बिडी-सिगारेटचा मुद्दा एकदम खरा. शिखाला तंबाखू वर्ज्य, त्याच्यापुढे सिगारेट धरणारा साहेब शीख पलटणीत पाच वर्षं राहिलेला असूच शकत नाही.

खजुरीबाजार

भिया राम! घोडा विसरलाच आहे, ताई. इतकं काय त्यात.

जुनी पुस्तकं विकतो मी, दिवसभर बसून वाचतोही. गुलेरी मुळात पंडित माणूस, संस्कृत, पुरातत्त्व, भाषाशास्त्र यांत रमणारा. गोष्टी म्हणून ज्या तीन सांगतात त्या ‘सुखमय जीवन’, ‘बुद्धू का काँटा’ आणि ही. तीन गोष्टींत हात कितीसा बसणार? शेवटाला आला, सुभेदारिणीला कारण हवं होतं की ती या परक्या जमादाराकडे एवढं मोठं मागणं कशी मागते. नुसतं लहानपणी चिडवायचास एवढ्यावर कोणी पदर पसरत नाही. मग घोडा आणला. आणि मागे जाऊन पहिल्या भागात एक ओळ टाकायची राहिली. पुस्तकांत असं पुष्कळ सापडतं, पण आपण मोठ्या नावापुढे त्याला तंत्र म्हणतो.

शिवाय मुलगा 12 वर्षांचा आणि मुलगी 8 वर्षांची. 12 वर्षांचं पोर बिथरलेल्या घोड्याच्या लाथांत शिरून मुलगी उचलतं, आणि महिनाभर तिला भेटून ‘कुड़माई हो गई?’ एवढंच विचारतं? मी असतो तर रोज घोड्याचीच गोष्ट काढली असती.

आणि पिक्चर पाहून लिहायला जाऊ नका. 1960 चा आहे, सुनील दत्त आणि नंदाचा. गाणी चांगली, पण तुमच्या पेपराला उपयोग नाही.

रामबागवाली

महूकर काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आभाळाची पट्टी आणि पुढच्याची पाठ, हे गाइडात कुठून मिळणार. पेन्सिल घेऊन पुन्हा बसले. लुधियाना, नगरकोट आणि मडमेची बाग या तिघांवर खुणा झाल्या. बागेतलं गवत मखमली आहे, मडम फळं आणि दूध देते, म्हणते तुम्ही राजे आहात, माझा मुलूख वाचवायला आलात. आणि वजीरा बादलीतलं घाण पाणी खंदकाबाहेर फेकतो तेव्हा म्हणतो, मी पाधा झालो, म्हणजे भटजी, करा जर्मनीच्या बादशहाचं तर्पण! तिथे मी मोठ्याने हसले, सासूबाई बघायला आल्या.

खजुरीबाजार भाऊ, तुमचं म्हणणं खोडता येत नाही म्हणून रात्री झोप लागली नाही. पण एक सांगा. ज्या माणसाला पहिल्या भागातला कोबीवाला आठवतो तो घोडा विसरेल?

पाटीपेन्सिल

मी ग्वाल्हेरची. शाळेत 30 वर्षं हिंदी शिकवलं, त्यांतली निदान वीस वर्षं ही कथा अभ्यासक्रमात होती. थोडं मास्तरकीचं बोलते, राग मानू नका.

निवेदक कथाभर एकच आहे असं धरून तुम्ही सगळे बोलता आहात. तो एका सुरात बोलत नाही. पहिल्या भागात तो गप्पिष्ट आहे, वाचकाला हाताला धरून बाजारात फिरवतो, आमची विनंती आहे म्हणतो. दुसरा भाग उघडतो तो नुसत्या आवाजाने, ‘राम-राम, यह भी कोई लड़ाई है’, आणि बोलतंय कोण ते कळायला थांबावं लागतं. मधे 25 वर्षं गेली हे निवेदक तिथे सांगत नाही. शिवाय पहिल्या भागातल्या मुलाला त्याने नावच दिलेलं नाही, हे वर्गात विचारलं की दहातली नऊ मुलं चुकायची. ती म्हणायची, लहनासिंह दही आणायला गेला. अहो, लहनासिंह नाही, ‘एक मुलगा’ गेला. नाव आपण शेवटून आणून तिथे चिकटवतो.

चौथ्या भागात लढाई ऐन रंगात असताना निवेदक कंस उघडतो. इथे होते आठ (लहनासिंह नेम धरून मारत होता, तो उभा होता आणि बाकीचे आडवे होते) आणि ते सत्तर. पुढे चंद्र उगवतो, तर त्याला संस्कृत कवींनी दिलेलं ‘क्षयी’ हे नाव आठवतं, आणि वारा बाणभट्टाच्या भाषेत दातांना वीणा शिकवणारा आचार्य होतो. काही समीक्षक याला दोष म्हणतात, पंडिताला पांडित्य आवरलं नाही म्हणून. मला दोष वाटत नाही. दात वाजणाऱ्या थंडीत 63 जर्मन आणि 15 शीख पडलेले आहेत आणि बोलणारा क्षणभर पुस्तकात तोंड लपवतो. असं माणसं करतात. माझे वडील गेले त्या रात्री माझे काका पंचांगातली तिथी तपासत बसले होते.

आता घोडा. खजुरीबाजार, तुम्ही म्हणता तो विसर असता तर पाचव्या भागात लहनासिंहाच्या स्वतःच्या आठवणीत तो दुरुस्त झाला असता. जागा होती. तो मरताना सगळं आठवतो, लेखक तर आधीच सांगून ठेवतो की मरणापूर्वी स्मृती फार स्वच्छ होते. मग त्याला काय काय आठवतं ते वहीत ओळीने मांडा, आणि घोडा कोणाच्या तोंडून येतो ते बघा. ताई, हे काम तुम्ही करा, मी उत्तर देत नाही. आणि ते झालं की पहिला परिच्छेद पुन्हा वाचा. मोठ्याने. टांगेवाला काय म्हणतो आहे ते कान देऊन ऐका.

रामबागवाली

बाई, तुम्ही शिक्षा केलीत की प्रसाद दिलात तेच कळेना. चार दिवस गेले.

आधी वहीचं. त्याला आठवतं दहीवाल्याचं दुकान. तिचं ‘धत्’. सालू. मग 25 वर्षं, जमिनीच्या खटल्यासाठी सात दिवसांच्या रजेवर घरी येणं, सुभेदाराचं घर, दारात ती. हे सगळं तो आठवतो. घोडा तो आठवत नाही. घोडा ती बोलते, ‘तुम्हें याद है’ म्हणून, आणि तिच्या बोलण्यापुरताच तो कथेत येतो. एकाच बाजारातून दोघं दोन वेगळ्या वस्तू घेऊन गेलेली. त्याच्याकडे सालू राहिला, तिच्याकडे घोडा. पहिल्या भागात निवेदक मुलाच्या मागे घरापर्यंत चालला होता, मुलीच्या मागे नाही, म्हणून तिथे जे मुलाने जपलं तेच आहे. आपण कोणाचा तरी जीव वाचवला हे त्याने जपून ठेवलेलं नाही, तिची कुड़माई झाली हे ठेवलं.

मधे मधे तो ‘वजीरा, पानी पिला’ म्हणतो तेही या वेळी वेगळं लागलं. मी त्याला फ्लॅशबॅक लिहिलं होतं. पण फ्लॅशबॅक म्हणजे एकदा मागे गेलं की गेलं. इथे तहान त्याला दर थोड्या वेळाने खंदकात ओढून आणते. शेवटी शेवटी तर वजीराला तो आपला भाऊ कीरतसिंह समजून आंब्याच्या झाडाचं बोलतो, पुतण्या जन्मला त्या महिन्यात लावलेलं झाड, आषाढात फळेल, काका-पुतणे बसून आंबे खा म्हणून. तिथे पंजाब आणि फ्रान्स यांच्यामधली भिंतच पडली. काका, तुमचं पंजाबचं माप इथपर्यंत येतं बघा. आधी तुलना होती, आता तुलनाही राहिली नाही, खंदकातच आंबा आहे.

आता टांगेवाला. हे लिहिताना अजून हात थरथरून राहिलाय.

आमच्या लहानपणी इंदूरच्या स्टेशनवरून टांगा करून यायचो. एकदा जेल रोडच्या वळणावर आजी पिशवी सावरत मधेच थांबली आणि दुसऱ्या एका टांग्याचं चाक तिच्या लुगड्याच्या काठावरून गेलं. काठावर काळा वंगणाचा पट्टा उमटला, तो कधी निघाला नाही. तो टांगेवाला ओरडला, ‘मरना है क्या?’ आजीने त्याला मराठीत असं काही सुनावलं की तो घोड्यासकट गप्प झाला. गुलेरी पहिल्याच वाक्यात म्हणतात की मोठमोठ्या शहरांतल्या टांगेवाल्यांच्या जिभेच्या चाबकाने ज्यांच्या पाठी सोलल्यात त्यांनी अमृतसरच्या बंबूकार्टवाल्यांच्या बोलीचं मलम लावावं. मोठ्या शहरांत आमचं इंदूर येतं हे मला मान्य.

अमृतसरचा टांगेवाला काय म्हणतो? एखादी म्हातारी वाटेतून हटत नसेल तर तो म्हणतो, हट जा जीणे जोगिए, हट जा करमां वालिए, हट जा पुत्तां प्यारिए, बच जा लंबी वालिए. आणि लेखक अर्थही देतो, की तू जगण्याजोगी, भाग्याची, पुत्रांची लाडकी, पुढे लांब आयुष्य आहे, माझ्या चाकाखाली का यायला बघतेस? बच जा.

मी हा परिच्छेद तीनदा वाचलेला आहे, टिपणही काढलं होतं. टिपणं मी मराठीत काढते, सवयीने. वही उघडली तर ‘हट जा’ला मी लिहिलंय ‘बाजूला हो’, आणि ‘बच जा’ला पण ‘बाजूला हो’. तिथेच निसटलं! ‘बच’ला ‘वाच’ लिहिलं असतं तर वाचताना पुस्तक वाच असं झालं असतं म्हणून सोपा शब्द घातला असेल. पण सुभेदारीण पुढे काय म्हणते? तसंच या दोघांना ‘बचाना’. तोच धातू. टांगेवाला रस्त्यातल्या बाईला म्हणतो बच, ती पोराच्या हातून वाचते, आणि 25 वर्षांनी तीच म्हणते वाचव.

घोडा पहिल्या भागात आहे, खजुरीबाजार भाऊ. पहिल्या ओळीपासून आहे. चाबूक आहे, चाक आहे, चाकाखाली येणारी बाई आहे. पुढचं वाक्य काय, तर अशा बंबूकार्टवाल्यांच्या मधून वाट काढत एक मुलगा आणि एक मुलगी चौकातल्या दुकानावर येऊन भेटले. टांग्यांच्या मधूनच येतात! आणि ‘पुत्तां प्यारिए’ ऐकताना मला तिचं पुढचं बोलणं आठवलं, की एकच मुलगा आहे, त्याच्यानंतर चार झाले, एकही जगला नाही.

मला वाटत होतं तो परिच्छेद नुसती सजावट आहे. गाइडात ‘मनोरंजक आरंभ’ असं लिहिलंय.

खजुरीबाजार

ताई, सकाळी गिऱ्हाईक उभं होतं आणि मी तुमचं वाचत बसलो, एक शब्दकोश विकायचा राहिला.

अर्धं मान्य. चाक आणि ‘बच जा’ मान्य, ते लेखकाने ठेवलंय, आपोआप असं पडत नाही. दोघांच्या दोन आठवणी हेही मान्य. पण माझी शंका जात नाही. 12 वर्षांच्या पोराला घोड्याच्या लाथा बसल्या असतील तर अंगाला आठवण राहते, मनात ठेवा नाही तर ठेवू नका. माझ्या गुडघ्यावर 1988 ची सायकल अजून आहे. तुम्ही पेपरात सालू आणि घोडा असं सुंदर लिहा, नंबर मिळतील, पण कोणी तोंडी परीक्षेत हे विचारलं तर काय सांगाल?

पाटीपेन्सिल

अंगाची आठवण म्हणालात म्हणून. चौथ्या भागात त्याला दोन गोळ्या लागतात. पहिली मांडीत, ती सगळ्यांना माहीत आहे. दुसरी बरगडीत, ती तो कोणालाच कळू देत नाही. जखम ओल्या मातीने बुजवतो आणि उरलेला फेटा कमरेला आवळतो. मग आजारी बोधाला आणि सुभेदाराला गाडीत चढवतो, आपण मागे राहतो. आपल्या अंगावर काय बेतलं ते न सांगणं हा त्या माणसाचा स्वभावच आहे. 12 व्या वर्षीही असेल. तोंडी परीक्षेत मी तरी हे सांगितलं असतं.

महूकर

त्या मातीवर मी एवढ्यासाठी थांबलो होतो. साहित्य मला कळत नाही पण माती कळते. आमच्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात बुटाला लागली की पाय उचलत नाही, सांवेरकडच्या शेतात एकदा माझा एक बूट तिथेच राहिला. वजीरा म्हणतो की मण-मण फ्रान्सची भूमी माझ्या बुटांना चिकटत होती. ताई विचारत होत्या ना, फ्रान्स कुठे आहे? त्याच लढाईत, थोडं अलीकडे, ती ओली माती लहनासिंहाच्या बरगडीत आहे. फ्रान्स तिथे आहे. वर्णन करायला त्याने काही ठेवलंच नाही, अंगात भरून घेतला.

वैद्यकीय दृष्टीने विचाराल तर अशी माती जखमेत भरणं म्हणजे मरणच. खतावलेल्या शेतांची माती होती ती, जखमा सडायच्या, त्या लढाईत गॅस गँगरिनने फार माणसं गेली. लेखकाला ते माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

आणि शेवटची ओळ लिहायला विसरू नका. मरण दाखवलेलं नाही. काही दिवसांनी लोकांनी वर्तमानपत्रात वाचलं, फ्रान्स आणि बेल्जियम, 68 वी यादी, मैदानात जखमांनी मेला, नंबर 77 शीख रायफल्स, जमादार लहनासिंह. एवढंच. त्या वेळी अशा याद्या खरोखर छापून यायच्या. ज्याच्या घरचा माणूस गेलेला असेल तो वाचक ही ओळ गोष्ट म्हणून वाचू शकला असेल असं वाटत नाही.

रामबागवाली

काका, मातीचं मी तुमच्या शब्दांत लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते. सांवेरचा बूट मात्र पेपरात घालता येणार नाही.

शेवटच्या यादीबद्दल आज दुपारी एक दिसलं. सुभेदार त्याला विचारतो, उसने क्या कहा था? तिने काय सांगितलं होतं? आणि तो उत्तर देत नाही, म्हणतो गाडीत चढा, मी म्हटलं ते लिहा आणि सांगाही. म्हणजे सुभेदाराला शेवटपर्यंत कळलेलं नाही. घरी जाऊन तो बायकोला निरोप देणार, की त्याने म्हटलंय, तू जे सांगितलं होतंस ते केलं. ती काय उत्तर देईल? नवरा समोर उभा, मुलगा जिवंत. तो भाग लिहिलेलाच नाही. यादी छापून कथा थांबते. मी सासूबाईंना सगळी गोष्ट सांगितली, त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, मग तिने नवऱ्याला सांगितलं का? मी म्हटलं, नाही माहीत. त्या म्हणाल्या, नसेल सांगितलं, आणि परत तांदळाकडे वळल्या.

वही मंगळवारी द्यायची आहे. 1200 शब्दांची मर्यादा आहे आणि नुसत्या टांगेवाल्याचे माझे साडेचारशे झाले. खजुरीबाजार भाऊ, तो शब्दकोश अजून असेल तर बाजूला ठेवा, शनिवारी राजवाड्याकडे येणारच आहे. पंजाबी शब्द असतील तर बरं, ‘सालू’चा रंग मला नक्की करायचा आहे.